वाफशावर पिकतो तो गंज

एक साधा प्रयोग आहे. लोखंडी पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्यायचे. एक पाण्याने भरलेल्या बादलीत तळाशी बुडवून ठेवायचा. दुसरा नुसता ओला करून सावलीत भिंतीला टेकवायचा आणि वाळला की पुन्हा पाणी मारायचं, दिवसातून चार-पाच वेळा. तीन दिवसांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहा. बादलीतला जागोजाग डागाळलेला असतो, पण बराचसा अजून पत्र्यासारखाच दिसतो. भिंतीशी ठेवलेला मात्र नारंगी होऊन गेलेला असतो.

अकरावीच्या वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करते. कोणता तुकडा जास्त गंजेल, असं आधी विचारलं तर बहुतेक मुलं बादलीकडे बोट दाखवतात. जास्त पाणी म्हणजे जास्त गंज, हा त्यांचा हिशेब. उत्तर कळल्यावर ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कारण लगेच उमगतं. मोहोळकडे आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. ज्वारी पेरायच्या आधी काका मूठभर माती उचलतात, दाबून गोळा करतात आणि हातातून सोडतात. गोळा पडून फुटला की म्हणतात, वाफसा आला. चिखलात पेरलं तर बी कुजतं, कारण तिथे ओल असते पण हवा नसते. कोरड्यात हवा असते, ओल नसते. बी उगवतं ते दोन्ही एकत्र असतात त्या मधल्या वेळात.

गंजाचंही असंच आहे. त्याला पाणी हवं आणि हवेतला ऑक्सिजनही हवा. बादलीत पाणी भरपूर आहे, पण ऑक्सिजन पाण्यात अगदी थोडा विरघळतो आणि खालपर्यंत सावकाश पोचतो. ओल्या पत्र्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. ऑक्सिजन तो सहज ओलांडतो, आणि पापुद्रा वाळत जाऊन पातळ होईल तसा आणखी सहज. म्हणून पत्रा सगळ्यात जोरात गंजतो तो वाळता वाळता. पोलादी शिल्पावर, फाटकावर किंवा भिंतीवरच्या चित्रावर मुद्दाम गंजाचा रंग आणायचा असेल, तर हा वाफसा पुन्हा पुन्हा आणणं हेच त्यातलं मुख्य काम. बाकीची रसायनं त्याला मदत करतात इतकंच.

माझ्या दादाची सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. खिडक्यांच्या ग्रील, जिने, शेड, फाटकं ही त्याची रोजची कामं. काही वर्षांपूर्वी नान्नजकडच्या एका शाळेला प्रवेशद्वाराशी पत्र्याचा माळढोक उभा करायचा होता. नान्नजच्या माळरानावर हा पक्षी एकेकाळी सहज दिसायचा, अभयारण्यही त्याच्यासाठीच झालं. आता तो दिसणं फार दुर्मीळ झालंय. मास्तरांना रंग मारलेला पक्षी नको होता, माळाच्या रंगाचा हवा होता. माळढोकाची पाठ तपकिरी असते, वाळलेल्या गवतात मिसळून जाणारी. तो तपकिरी कोणत्याही डब्यात मिळेना. तेव्हा मी दादाला म्हटलं, पत्र्यालाच तो रंग येऊ दे. आयुष्यभर गंज घासून काढून त्यावर रेडऑक्साइड मारणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला. पुढे त्याने असं काही मनावर घेतलं की आज शेडच्या मागच्या भिंतीवर नमुन्याचे साठ-सत्तर तुकडे तारेने टांगलेले आहेत, प्रत्येकावर खडूने तारीख आणि कृती लिहिलेली.

गंज एक नसतो

लोखंडाच्या पृष्ठभागावर पाणी बसलं की त्याच पत्र्यावर एकमेकांच्या शेजारी दोन प्रकारच्या जागा तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. दुसऱ्या जागी ऑक्सिजन आणि पाणी मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात. इलेक्ट्रॉन पत्र्यातून जातात आणि पाण्यातून विद्युतभारित कण फिरतात. थोडक्यात, प्रत्येक ओल्या ठिपक्याखाली एक चिमुकली बॅटरी चालू असते. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, मीठ घातलं की वाहते. म्हणून मिठाने गंज भराभर चढतो.

पाण्यात उतरलेलं लोखंड आधी फिकट हिरवट रूप घेतं आणि ऑक्सिजन मिळताच नारंगी होतं. मात्र ‘गंज’ या एका नावाखाली चार-पाच वेगळे पदार्थ येतात, आणि रंगकाम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. ताजा, भडक नारंगी गंज म्हणजे प्रामुख्याने लेपिडोक्रोसाइट. महिने गेले की त्यातला बराच भाग गोथाइट होतो, तो पिवळसर तपकिरी आणि जास्त टिकाऊ. हवा कमी पोचते तिथे, थराच्या तळाशी, काळा मॅग्नेटाइट असतो. आणि लाल हेमॅटाइट तर आपल्या घरचाच. कुंड्यांना आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा लाल रंग हेमॅटाइटचाच. दादा ज्या रेडऑक्साइड प्रायमरने गंज थांबवतो त्याचा रंगही आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने प्रायमरचा डबा उचलून मागचं बारीक अक्षर वाचून खात्री करून घेतली.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. फुगतो, तडकतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. जुन्या घरांच्या स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीट फुटून खाली पडतं ते यामुळेच. कलाकृतीवर आपल्याला हवा असतो तो पातळ, घट्ट बसलेला गंज. जाड पापुद्र्यांचा नको.

पत्रा कोणता आणि तो कसा तयार करायचा

जीआय पत्रा घेऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो, आणि जस्त आहे तोवर लोखंड गंजत नाही. त्याला वेल्डिंग करताना निघणारा जस्ताचा धूर छातीला बाधतो, ते वेगळंच. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यावर हे काम होत नाही. लागतो साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा पत्रा. तो दोन प्रकारांत मिळतो, एचआर (गरम लाटलेला) आणि सीआर (थंड लाटलेला). भिंतीवरच्या हलक्या कामाला १६ गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, पुरतो. उघड्यावर उभं राहणाऱ्या शिल्पाला आम्ही ३ मिलिमीटरपेक्षा पातळ वापरत नाही. वजनाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर पत्र्याचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो. म्हणजे ३ मिलिमीटरचा एक चौरस मीटर जवळजवळ साडेतेवीस किलो. भिंतीत खिळा मारण्याआधी हा गुणाकार करून बघा.

एचआर पत्रा लालभडक तापलेला असताना लाटलेला असतो. तेव्हा त्यावर निळसर काळी, गुळगुळीत कवची धरते. शेडमध्ये तिला नुसतं ‘स्केल’ म्हणतात. ही कवची आयर्न ऑक्साइडचीच, पण घट्ट असल्यामुळे तिच्याखाली पाणी पोचत नाही. ती काढली नाही तर गंज तिच्या भेगांमधूनच डोकावतो आणि उरलेला पत्रा काळाच राहतो. आमचा पहिला माळढोक असाच बिघडला. पंख अर्धे नारंगी, अर्धे काळे, आणि मानेजवळ माझ्या पंजाचा स्पष्ट ठसा. काम उचलताना हाताचं तेल लागलं होतं. तेल लागलं की पाणी बसत नाही, पाणी बसलं नाही की गंजही नाही. तो ठसा घासून घासून गेला नाही, शेवटी पूर्ण मान पुन्हा ग्राइंडरखाली गेली.

स्केल काढायला सॅंडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा, सगळ्यात चांगलं, सगळीकडे सारखा खरखरीतपणा येतो आणि गंज घट्ट धरतो. ते परवडत नसेल तर ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून. पण डिस्क ज्या दिशेने फिरली त्या दिशेच्या रेघा गंजातही दिसतात, म्हणून हात कसाही न फिरवता आकाराच्या ओघाने फिरवायचा. पंखाच्या पिसांवर आम्ही या रेघांचा मुद्दाम उपयोग केला. लहान तुकडे व्हिनेगरमध्ये रात्रभर किंवा पूर्ण दिवस बुडवून ठेवले की स्केल मऊ होते आणि तारेच्या ब्रशने काळ्या चिखलासारखी निघते. फरशी धुण्याच्या ॲसिडने हे काम मिनिटांत होतं, पण वाफा वाईट असतात आणि त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या छिद्रांत राहून पुढे त्रास देतं. घरी काम करणाऱ्यांना मी तो मार्ग सुचवणार नाही.

वेल्डिंगच्या सांध्यांकडे खास लक्ष द्यावं लागतं. तिथे उडालेले शिंतोडे आणि जळका थर राहतो. ऑक्सिजनवर चालणाऱ्या लेझर कटिंगमध्ये कडेलाही असाच थर येतो. कडा फाइलने किंवा डिस्कने हलक्या हाताने उघड्या करायच्या. मग थिनरने पुसायचं, भांड्याच्या साबणाने धुवायचं, आणि तिथून पुढे हातमोज्यांशिवाय कामाला हात लावायचा नाही. पत्रा खरंच स्वच्छ झाला की नाही हे पाणी सांगतं. ते थेंब थेंब गोळा न होता सलग पसरलं पाहिजे.

पहिला रंग

जगभर वापरली जाणारी कृती तीन घरगुती वस्तूंची आहे: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, साधं पांढरं व्हिनेगर ६० मिलिलिटर आणि मीठ दीड छोटे चमचे. मेडिकलमध्ये आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. व्हिनेगर पृष्ठभाग खरवडून लोखंड उघडं करतं. मीठ विजेची वाट मोकळी करतं. पेरॉक्साइड ऑक्सिजन पुरवतं, म्हणजे हवेने जे काम आठ दिवसांत केलं असतं ते काही मिनिटांत होतं. स्वच्छ पत्र्यावर फवारा बसताच फेस येतो, पत्रा कोमट लागतो, आणि डोळ्यांदेखत पिवळा, मग नारंगी रंग उमटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जादूच वाटते. मला आजही वाटते.

आता थोडं काळजीचं. हे मिश्रण लागेल तेवढंच, त्या त्या वेळी करायचं. झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत ऑक्सिजन साठून बाटली फुटू शकते. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र राहिले की डोळ्याला आणि घशाला झोंबणारं आणखी एक आम्लही तयार होतं. त्यामुळे काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, वाऱ्याची दिशा बघून. या मिश्रणात फरशीचं ॲसिड किंवा कपड्यांचं ब्लीच चुकूनही घालायचं नाही. ॲसिड आणि ब्लीच, किंवा ॲसिड आणि पेरॉक्साइड, यांतून क्लोरीन वायू निघतो, आणि तो जिवावर बेततो.

सोलापुरात एक अडचण हमखास येते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर फवारा मारला तर तो क्षणात उडून जातो, मिठाचे पांढरे ठिपके उरतात आणि गंज ठिपक्याठिपक्यांनी येतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे काम करतो, पत्रा रात्रभरात निवलेला असताना. फवारा मारून वर प्लास्टिकचा कागद सैल टाकतो, पत्र्याला न टेकवता. आत दमट हवा राहते आणि वाळणं अर्ध्या तासावर जातं. इथे पाणी घालून नाही, वाळण्याचा वेग कमी करून वाफसा धरायचा.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. शेडमधलं बोअरचं पाणी इतकं जड की वाळल्यावर पांढरा थर सोडतं. नारंगी रंगावर तो राखेसारखा दिसतो. आता आम्ही बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो, नाहीतर पत्र्यांखाली भांडी ठेवून साठवलेलं पावसाचं.

घाईचा गंज आणि सावकाश गंज

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. पेरॉक्साइडच्या पाच-सहा फवाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत पत्रा सुंदर नारंगी होतो. फोटो छान येतो. पण बोट फिरवलं तर बोटही नारंगी. भराभर तयार झालेला गंज भुसभुशीत असतो, त्याला पत्र्याला धरून बसायला वेळच मिळालेला नसतो. यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारलं तर लॅकर पत्र्यावर नव्हे, भुकटीवर बसतं, आणि एका उन्हाळ्यात सुटून येतं.

म्हणून पहिल्या दिवशीचे फवारे म्हणजे नुसती पेरणी समजायची. दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या ब्रशने सुटी भुकटी झाडायची. मग पुढचे पंधरा दिवस फक्त पाणी: सकाळी आणि संध्याकाळी हलका फवारा, पूर्ण वाळू द्यायचं, पुन्हा फवारा. मीठ नाही, पेरॉक्साइड नाही. भिजणं-वाळणं जितक्या वेळा होईल तितका थर दाट आणि घट्ट होतो, रंग नारंगीकडून तपकिरीकडे सरकतो. श्रावणात पावसाची उघडझाप असते, तेव्हा काम अंगणात ठेवून दिलं तरी चालतं. दादाच्या भिंतीवरचा सगळ्यात देखणा तुकडा असाच एका पावसाळ्यात विसरून राहिलेला आहे. चॉकलेटी, मखमलीसारखा, नख घासलं तरी न निघणारा.

दिल्लीचा लोहस्तंभ याच न्यायाने टिकला. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड आणि सुमारे १६०० वर्षांचा जुना. तो गंजलाच नाही असं सांगतात, ते अर्धंच खरं. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्याच्यावरही थर आहे, पण तो रक्षण करणारा आहे. त्या काळच्या लोहारांच्या पद्धतीमुळे या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ जास्त राहिला. वर्षानुवर्षांच्या ओल्या-सुक्या फेऱ्यांत त्याचा लोखंडाशी मिळून पातळ, घट्ट फॉस्फेटचा पापुद्रा बनला.

१९३३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं कॉर्टेन पोलाद याच तत्त्वावर चालतं. त्यात थोडं तांबं, क्रोमियम आणि फॉस्फरस असतं, त्यामुळे त्याचा गंज दाट होऊन जवळजवळ थांबतो. सुरुवातीला ते रेल्वेच्या वाघिणींसाठी खपायचं, १९६० नंतर वास्तुकार आणि शिल्पकारांनी उचललं. शिकागोतलं १९६७ सालचं पिकासोचं पन्नास फुटी शिल्प कॉर्टेनचं आहे, आणि इंग्लंडमध्ये गेट्सहेडजवळ १९९८ मध्ये उभा राहिलेला, ५४ मीटर पंखांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ही. साधा एमएस पत्रा कॉर्टेनसारखा दिसू शकतो, पण त्याचा गंज आपोआप थांबत नाही. तो आपल्याला थांबवावा लागतो. आणि कॉर्टेनलाही वाळायला वेळ लागतोच. सतत ओलं राहिलं किंवा समुद्राची खारी हवा लागली तर तेही सामान्य लोखंडासारखं खात जातं. आमचं एक काम रत्नागिरीला गेलं होतं. दोन पावसाळ्यांत लॅकरखाली फोड आले. तेच काम, त्याच आठवड्यात केलेलं, सोलापुरात होटगी रोडवरच्या एका अंगणात जसंच्या तसं आहे. आपल्या कोरड्या हवेला आपण नावं ठेवतो, पण या कलेला ती फार मानवते.

किराणा दुकानातले आणि काष्ठौषधीवाल्याकडचे रंग

नारंगी-तपकिरीवर थांबायचं कारण नाही. कल्हईवाला वापरतो तो नवसागर पाण्यात विरघळवून लावला तर गंज मिठापेक्षाही वेगाने आणि खोल चढतो. पण त्यातही मिठासारखंच क्लोराइड आहे, तेव्हा धुणं आलंच. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी कोऱ्या पत्र्यावर लावलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, गुलाबी तांबूस झाक येते. तिच्यावर गंज चढवला की मधूनमधून तांबं डोकावतं. मोरचूद विषारी आहे. उरलेलं पाणी गटारात किंवा झाडाला घालायचं नाही.

काळ्याची वाट अण्णांनी दाखवली. अण्णा दादाच्या शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, घरी तेलुगू बोलणारे, तरुणपणी सूत रंगवायच्या कारखान्यात होते. माझ्या हातातला नारंगी तुकडा पाहून म्हणाले, ‘‘मॅडम, ह्याला हिरड्याचं पाणी लावा की. आमचे वडील सांगायचे, लोखंड अन् हिरडा भेटला की काळं होतंय.’’ हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो. जुनी काळी शाई, कलमकारीतला काळा रंग यांच्या मुळाशी हीच अभिक्रिया. आम्ही मूठभर हिरडे कुटून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळले, गाळले, आणि माळढोकाच्या डोक्यावरच्या टोपीला ब्रशने लावलं. पाचच मिनिटांत नारंगी टोपी शाईसारखी काळी. खऱ्या माळढोकाच्या डोक्यावर काळी टोपी असते. कोणताही रंग न वापरता ती मिळाली, त्या दिवशी शेडमधल्या सगळ्यांनी काम थांबवून पाहिलं. टॅनिनने गंज थोडा स्थिरही होतो. बाजारातल्या बऱ्याच ‘रस्ट कन्व्हर्टर’मध्ये टॅनिक आम्लच असतं.

लाल हवा असेल तर उष्णता. पिवळसर तपकिरी गंजावर गॅसची ज्योत फिरवली की साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि गेरूचा लाल उरतो. कुंभाराची पिवळट माती भट्टीत लाल होते, तीही बहुतांशी याच कारणाने.

नक्षीसाठी मेण, टेप किंवा कापलेला स्टिकर लावून जागा झाकता येते. मला जास्त आवडतो तो कापडाचा ठसा. जाडसर सोलापुरी टेरी टॉवेल मिठाच्या पाण्यात भिजवून पत्र्यावर पसरायचा आणि रात्रभर ठेवायचा. टॉवेलचे फंदे जिथे टेकतात तिथे ओल जास्त वेळ टिकते, आणि सकाळी पत्र्यावर विणीचा दाणेदार ठसा उमटलेला असतो. टॉवेल मात्र कायमचा गेला समजा, लोखंडाचा डाग सुती धाग्यातून सहसा निघत नाही. आमचा तो डागाळलेला टॉवेलही दादाने चौकटीत बसवून टांगलाय.

थांबवायचं कसं

रंग मनासारखा झाला की पहिलं काम धुणं. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून सगळीकडे मारायचं, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं. सोड्याने आम्ल मारलं जातं, पण मीठ जातं ते पाण्यानेच. क्लोराइड हा पाहुणा जेवून परत न जाणारा आहे. लोखंड गंजवताना तो संपत नाही, गंजाच्या थरात अडकून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. लॅकरखाली येणारे बहुतेक फोड याचेच.

धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं. सोलापूरचं ऊन इथे खरं कामाला येतं. सुटी भुकटी झाडायची. घरातल्या भिंतीवरच्या कामाला मेण पुरतं. मधमाशीचं मेण थोडं कोमट करून कापडाने घासायचं, रंग जरा गडद होतो आणि उजळतो. बाहेरच्या कामाला उन्हात न पिवळणारं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) क्लियर लॅकर, दोन पातळ हात. कोणतंही क्लियर लावलं की गंज ओला असताना दिसतो तितका गडद दिसतो. म्हणून लावण्याआधी पाणी शिंपडून पाहा, तोच अंतिम रंग. तो फार काळवंडलेला वाटला तर अजून वेळ गेलेली नाही.

काही जण जवसाचं तेल लावतात. दिसतं सुरेख. पण तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर वाळताना आतल्या आत तापतं आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. असं फडकं दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उभारणीत सांगायचं इतकंच की पाणी कुठे साचेल ते आधी शोधा. आडवे खोलगट भाग, बंद पाइप, जमिनीला टेकलेली कड. माळढोकाच्या शेपटीखाली आम्ही आठ मिलिमीटरचं भोक ठेवलंय, आणि पाय थेट मातीत न पुरता काँक्रीटच्या चौथऱ्यावर, बोटभर उंच. बोल्ट स्टेनलेसचे घेतले. दोन वेगळे धातू ओलीत टेकले की एक जास्त गंजतो, पण शिल्पाच्या मानाने बोल्ट इतके लहान की तो त्रास होत नाही.

क्लियर कितीही चांगलं असलं तरी पहिल्या एक-दोन पावसांत कुठूनतरी तपकिरी पाणी उतरतं. फरशीवर किंवा शहाबादीवर त्याचे ओघळ बसले की सहज निघत नाहीत. शाळेच्या प्रवेशद्वाराशी पांढरी टाइल बसवायचं ठरलं होतं. दादाने ते थांबवलं आणि चौथऱ्याभोवती चार फूट मुरूम पसरायला लावला, जवळच्याच खाणीतला, तांबूस तपकिरी. आता पहिल्या पावसात माळढोकाच्या पायांतून जे उतरतं ते मुरमात मिसळून जातं, आणि पोरं मधल्या सुट्टीत तिथे बसून डबा खातात.